मनाचं सस्पेन्स खातं

बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला काही शब्द आयुष्यभर चिकटतात. मला चिकटलेला शब्द म्हणजे ‘सस्पेन्स’. रहस्यकथेतला नव्हे, खतावणीतला. संगणक येण्याआधी शाखेत रोज संध्याकाळी हिशेब जुळवावा लागे. एखाद्या रकमेचं घर काही केल्या सापडत नसे. ती कुणाची, कशापोटी आली, कोणत्या खात्यात घालायची, काही कळायचं नाही. आणि घरी तर सगळ्यांनाच जायचं असायचं. मग ती रक्कम ‘सस्पेन्स’ नावाच्या खात्यात टाकायची आणि दिवस मिटवायचा. नियम असा, की ही सोय तात्पुरती. लवकरात लवकर शोध घेऊन ती रक्कम योग्य खात्यात वळती करायची. प्रत्यक्षात तिथे गेलेली नोंद वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसे. म्हणूनच तपासणीला आलेला मुरलेला इन्स्पेक्टर चहा यायच्या आधीच सस्पेन्सचं रजिस्टर मागायचा. शाखेची खरी तब्येत त्याला तिथे कळायची.

आपल्या घराघरांत मनाच्या आजारांचं हेच होतं, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. कुणाचं तरी काहीतरी बिनसलेलं दिसतं, पण त्याचं नाव ठाऊक नसतं. किंवा ठाऊक असलं तरी उच्चारायचं नसतं. मग ती नोंद आपण हाताशी येईल त्या खात्यात टाकतो. ‘त्याचा स्वभावच तसा’, ‘अंगात आळस भरलाय’, ‘लग्न झालं की येईल ताळ्यावर’, ‘बाहेरचं काहीतरी असणार’, ‘रिटायर झाल्यावर असं व्हायचंच’. दिवस मिटतो. आजार मात्र तिथेच राहतो आणि त्यावर व्याज चढत जातं.

रामदासांनी मनाला समजावण्यासाठी दोनशे पाच श्लोक लिहिले, बहिणाबाईंनी मनावर कविता रचली. त्या मराठीत ‘माझं मन आजारी आहे’ एवढं साधं वाक्य घरच्या माणसांसमोर बोलायला इतकं जड का जावं? मी उपदेश करायला बसलेलो नाही. या बाबतीत माझ्या हातून चुकीच्या नोंदी झाल्या, त्यांची कबुली द्यायची आहे.

१९९१ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. आमचे हेड कॅशियर पंचेचाळिशीचे, अतिशय सज्जन गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणत. नोटांची गड्डी ते दोनदा मोजत, मग तिसऱ्यांदा, मग उलटी करून चौथ्यांदा. सुरुवातीला आम्हांला त्याचं कौतुकच होतं. काकांच्या हातून एक रुपया इकडचा तिकडे व्हायचा नाही, असं आम्ही अभिमानाने सांगत असू. पुढे काउंटरपुढची रांग दारापर्यंत जाऊ लागली. बाजारच्या दिवशी खेड्यांतून आलेली माणसं पितळी टोकन हातात धरून तासन्‌तास ताटकळत बसत.

तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. त्यामुळे संध्याकाळी आम्ही दोघे बरोबरच बाहेर पडत असू. चौकापर्यंत गेलो की काका थांबत.

“साहेब, कुलूप नीट लागलंय ना?”

“लागलंय हो काका.”

“मी ओढून पाहिलं होतं ना?”

“पाहिलंत.”

दहा पावलं चाललो की पुन्हा तेच. शेवटी आम्ही परत फिरत असू. शटर वर करायचं, काका कुलूप ओढून पाहणार, आणि मग कुठे त्यांचा जीव भांड्यात पडणार. काही दिवसांनी एका खेपेने भागेना. दोन झाल्या, तीन झाल्या. हात तर ते इतक्या वेळा धूत, की पेरांना भेगा पडल्या होत्या. त्याला आम्ही सोवळं म्हणत होतो.

तीन-चार महिने मी निमूटपणे परत जात राहिलो. तेवढ्याने त्यांना रात्री झोप लागत असेल तर आपलं काय जातं, असा विचार. मग सप्टेंबरअखेरच्या हिशेबाच्या गडबडीत एके दिवशी माझा तोल गेला. चारचौघांत मी त्यांना बोललो आणि दुसऱ्या दिवशी ‘कामात दिरंगाई’ म्हणून लेखी मेमो दिला. पुढे गोपनीय अहवालातही ‘मंदगती’ असा शब्द लिहिला. दोन दिवसांनी त्यांच्या पत्नी घरी आल्या. बाहेरच्या खोलीत अवघडून बसल्या, चहा घेतला आणि उठताना एवढंच म्हणाल्या, “त्यांना सगळं कळतं हो साहेब. कळूनसुद्धा थांबता येत नाही.”

मी म्हणालो, “मन घट्ट करायला सांगा त्यांना.”

काही महिन्यांनी काका बदली मागून निघून गेले. नोंद मिटली, असं मी समजलो.

दुसरी नोंद नव्वदच्या दशकाच्या अखेरची. तोवर मी शाखाधिकारी झालो होतो. एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका मुदत ठेवी मोडायला येत. व्याजाचं नुकसान होतंय, महिनाभर थांबा, असं मी सांगे. त्या मान हलवून म्हणत, “गरज आहे.” दर दोन-तीन महिन्यांनी एक पावती. ग्राहकाला कारण विचारायचं नाही, ही बँकेची शिस्त. मी ती पाळली. चार पावत्या संपल्यावर शिपायाकडून कळलं, की त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा कॉलेज सोडून खोलीत बसून होता. भिंतीशी बोलायचा. शेजारी आपल्याबद्दल कट करताहेत म्हणून जेवायचा नाही. पैसे अनुष्ठानांना, गंड्यादोऱ्यांना आणि देवस्थानांच्या फेऱ्यांना जात होते. डॉक्टरांकडे तो पोहोचला तेव्हा तीन वर्षं उलटून गेली होती. त्या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात. यात उपचारांविना जितका काळ जातो तितकं पूर्ववत होणं अवघड होतं, हे मी नंतर वाचलं. माझ्या टेबलावर त्या बाई चार वेळा बसल्या होत्या. मी फक्त व्याजाचं नुकसान मोजलं.

तिसरी नोंद माझी स्वतःची.

२०१९ साली मी निवृत्त झालो. हारतुरे झाले, शाल-श्रीफळ मिळालं, आता पूर्णवेळ लेखन करणार असं भाषणात सांगून टाकलं. पहिले दोन महिने बरे गेले. मग पहाटे तीनला जाग येऊ लागली आणि ती येताना छातीवर धोंडा ठेवल्यासारखी येई. कादंबरीची एकशे चाळीस पानं झाली होती, एकशे एकेचाळिसावं पुढे सरकेना. जेवणाची चव गेली. जन्मभर आकडेमोड केलेल्या मला विजेचं बिल आणि घरपट्टी यांची बेरीज जमेना. मंडईत गवार घ्यायची की भेंडी, हे ठरवता न आल्यामुळे मी रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. बायकोने विचारलं तेव्हा मला रडू कोसळलं. भाजीसाठी रडणारा साठीचा माणूस! मला स्वतःचीच शरम वाटली. मित्र म्हणाले, “छंद लावून घे.” एकाने विपश्यनेला जा म्हटलं, दुसऱ्याने नातवंडात रम म्हटलं. सगळे प्रेमानेच बोलत होते. पण पाय मोडलेल्या माणसाला चालायला सांगावं, तसं ते होतं.

आपण या घराला ओझं झालो आहोत, आपण नसलेलंच बरं, हा विचार कधी मुक्कामाला आला ते कळलं नाही. तो मी कुणाला सांगितला नव्हता. एका रात्री बायकोने दिवा लावला आणि सरळ विचारलं, “अहो, जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचं मनात येतं का तुमच्या?” असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घुसेल, अशी आपल्याकडे भीती असते. तसं होत नाही. मला तर कुणीतरी दार उघडल्यासारखं वाटलं. मी “हो” म्हणालो. त्या रात्री ती माझ्या उशाशी बसून राहिली आणि सकाळी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी आधी थायरॉइड, बी-१२, साखर तपासली, कारण त्यांच्यातल्या बिघाडानेही माणूस असा खचतो. ते सगळं ठीक निघालं, तेव्हा मनोविकारतज्ज्ञांना दाखवायला सांगितलं.

आमच्या गावात मनोविकारतज्ज्ञ आहेत. पण तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर? ‘येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याचं तिकीट काढा’ हे विनोद ऐकत आणि करत मोठी झालेली आमची पिढी. मी हट्टाने पन्नास किलोमीटरवरच्या शहरातला दवाखाना निवडला. एसटीने गेलो, टोपी डोळ्यांवर ओढून बाकावर बसलो. शेजारून आवाज आला, “साहेब, ओळखलंत का?”

काका! सत्तरी ओलांडलेले, अंगाने थोडे भरलेले. सहामाही तपासणीला आले होते. मला पळून जावंसं वाटलं. पण ते इतक्या सहजपणे बोलत होते, जणू आम्ही दाताच्या दवाखान्यात भेटलो होतो. त्यांच्याकडून मला त्या जुन्या नोंदीचं खरं खातं कळलं. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. मराठीत ‘मंत्रचळ’ असा फार जुना आणि नेमका शब्द आहे. नको असलेला विचार पुन्हापुन्हा येतो, तो खोटा आहे हे कळत असतं, तरी त्याची भीती शमवण्यासाठी तीच कृती पुन्हापुन्हा करावी लागते. त्यांच्या पत्नीने माझ्या बाहेरच्या खोलीत अठ्ठावीस वर्षांपूर्वी हेच तर सांगितलं होतं.

बदलीनंतर चार-पाच वर्षांनी काकांना योग्य डॉक्टर भेटले. गोळ्या सुरू झाल्या आणि जोडीला एक विलक्षण व्यायाम. कुलूप एकदाच लावायचं, एकदाच ओढायचं आणि चालू लागायचं. जीव घाबरा होईल, होऊ द्यायचा. मागे फिरायचं नाही. भीती वाढत जाते, शिगेला पोहोचते आणि मग आपणहून उतरते, हे मनाला शिकवायचं. आजार पूर्ण गेला नाही, पण रुपयातले चौदा आणे गेला, असं ते म्हणाले.

मी हात जोडून मेमोबद्दल माफी मागितली. ते हसले. “मेमोचं काही नाही साहेब. पण डॉक्टरांनी काय सांगितलं, माहीत आहे? तुम्ही रोज माझ्याबरोबर परत येत होतात ना, त्यानेच तो वाढला. दर वेळी खात्री पटवली की या आजाराला खाद्य मिळतं.”

हे ऐकून मी गप्प झालो. माझ्या रागाने त्यांचं नुकसान झालं, हे मला ठाऊक होतं. माझ्या चांगुलपणानेही झालं होतं, हे नवीन होतं. आजाराचं नाव माहीत नसेल तर रागाइतकीच मायाही चुकीच्या खात्यात जमा होते. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच.

म्हणून वाचकहो, नेहमी भेटणाऱ्या काही नावांची ओळख करून घेऊ या.

पहिलं नैराश्य. दुःख आणि नैराश्य एक नव्हेत. दुःखात माणूस मधूनच हसतो, नातवाचा फोन आला की खुलतो. नैराश्यात उदासी किंवा कशातच रस नसणं दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज आणि निदान दोन आठवडे टिकतं. जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता बिघडते. उगाच अपराधी वाटतं. मरणाचे विचार येतात. आपल्याकडे ते पुष्कळदा पाठदुखी, डोकेदुखी, पोटातला वायू असा वेष घेऊन येतं आणि माणूस वर्षभर क्ष-किरण तपासण्या करत फिरतो.

दुसरी चिंतेची दुखणी. माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. छातीत धडधड, घाम, श्वास अडकणं, आता मरतो अशी खात्री, अशा अवस्थेत तीनदा तातडीच्या विभागात गेला. तिन्ही वेळा कार्डिओग्राम उत्तम. “काही झालेलं नाही,” असं सांगून परत पाठवलं. हृदयाला काही झालं नव्हतं, हे खरं. पण त्याला पॅनिक अटॅक येत होते. छातीत दुखलं तर हृदयाची तपासणी आधी करायलाच हवी. ती निर्दोष आली आणि झटके येतच राहिले, तर मात्र ‘काही नाही’वर थांबू नये. पॅनिकवर चांगले उपचार आहेत.

मंत्रचळाची ओळख काकांनी करून दिलीच. बायपोलर नावाच्या विकारात कधी नैराश्य, तर कधी त्याच्या उलट टोक असतं. माणूस झोपेशिवाय ताजातवाना राहतो, सुसाट बोलतो, कर्ज काढून उधळपट्टी करतो. त्याला ‘फारच उत्साही’ म्हणून मोकळे होऊ नका. स्किझोफ्रेनियात भास होतात, संशय पक्का होतो, माणूस स्वतःत मिटत जातो. ज्यांना समजून घ्यायचं असेल त्यांनी सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ सालचा चित्रपट पाहावा. नैराश्यावरच्या त्यांच्या ‘कासव’ला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. आणि दारूसारखं व्यसन हाही आजारच आहे, हे १९८६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने महाराष्ट्राला शिकवलं.

हे आजार दुर्मीळ नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय सर्वेक्षण केलं. त्या घडीला प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मनोविकार होता. म्हणजे आमच्या वीस माणसांच्या शाखेत दोघे. आणि नैराश्य-चिंतेसारख्या सामान्य विकारांत पंच्याऐंशी टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. अशी थकबाकी कोणत्याही बँकेला बुडवायला पुरेल.

उपचारांबद्दल आपल्या मनात भीती असते, ती जुन्या काळाची आहे. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात येईपर्यंत गंभीर मनोरुग्णांसाठी जवळजवळ फक्त भिंती होत्या. आज बहुतेकांना दाखल व्हावंच लागत नाही. माझंच सांगतो. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात पोट बिघडलं आणि मनावर काहीच परिणाम दिसेना. दहाव्या दिवशी मी औषध सोडणार होतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, की गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. बायको भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज गोळीनंतर पेन्सिलीचं टिंब करी. चोविसाव्या की पंचविसाव्या टिंबाला मी जेवताना म्हणालो, “आज आमटी छान झालीय.” ती पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. निदान सहा महिने, कधी जास्त काळ ती लागते आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. या औषधांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही. औषधाइतकंच महत्त्व बोलण्याच्या उपचारांना आहे. समुपदेशन म्हणजे नुसता धीर देणं नव्हे. ‘मी ओझं आहे’ या विचाराचा पुरावा काय, हे व्हाउचर तपासावं तसं तपासायला मला तिथे शिकवलं. सौम्य आजारात तेवढंही पुरतं. ध्यान, फिरणं, छंद यांची मदत होते. पण खोल नैराश्यात त्यांच्यावरच भिस्त ठेवणं धोक्याचं.

कायदाही बदलला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असं तो गृहीत धरतो. त्याला शिक्षा नव्हे, उपचार मिळायला हवेत, असं सांगतो. आरोग्य विम्यात शरीराच्या आजारांसारखीच मनाच्या आजारांचीही सोय असावी, हेही त्यात आहे. आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्यदिनी, केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ सुरू केलं. १४४१६ हा त्याचा क्रमांक. दिवसरात्र, विनाशुल्क, मराठीतही बोलता येतं. गॅसच्या नंबराशेजारी तो लिहून ठेवा.

घरच्यांनी काय करावं? माझ्या बायकोने केलं तेवढंच. सल्ला कमी, ऐकणं जास्त. मरणाचा उल्लेख ऐकला तर न घाबरता स्पष्ट विचारायचं, त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरांकडे बरोबर जायचं. ‘मन घट्ट कर’ हे वाक्य कायमचं रद्द करायचं. ज्याने घट्ट करायचं, तेच आजारी असतं.

कादंबरी पुढच्या वर्षी पूर्ण झाली. तिचं फारसं काही झालं नाही, ती गोष्ट वेगळी.

त्या दिवशी दवाखान्यातून काका आणि मी बरोबरच बाहेर पडलो. समोरच्या हॉटेलात चहा घ्यायचं ठरलं. काकांनी स्कूटर बाजूला लावली, कुलूप घातलं, एकदा ओढून पाहिलं आणि चालू लागले. दहा पावलांवर त्यांची चाल किंचित मंदावली. जुन्या सवयीने माझ्या ओठांवर आलं, “लागलंय हो काका.” मी ते गिळलं. क्षणभर ते तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, “चला साहेब, चहा गार होईल.”